सी-स्पॅनचा चित्रफीत-संग्रह: नेत्यांनी दिलेला शब्द तपासून पाहण्याची सोय

अमेरिकेत स्थलांतराच्या प्रश्नावरून सरकारी निधी अडला आणि संघीय कार्यालयांना टाळे लागले, म्हणजे शटडाउन झाला, की दोन्ही पक्षांचे कट्टर समर्थक आपापल्या लोकांना सारखाच सल्ला देऊ लागतात: वाटाघाटी नेत्यांवर सोपवा, आतल्या गोष्टी त्यांनाच ठाऊक असतात. हा सल्ला मानावा की नाही, याविषयी वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरच्या चर्चांमधून हवी तेवढी मते मिळतात. त्या मतांच्या मुळाशी असलेली भाषणे, बैठका आणि मतदाने मात्र स्वतःच्या डोळ्यांनी, विनामूल्य आणि कापाकापी न करता पाहायची असतील, तर सी-स्पॅन या वाहिनीच्या संकेतस्थळावरचा चित्रफीत-संग्रह गाठावा लागतो. जानेवारी २०१८ मधला तीन दिवसांचा आणि डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ मधला पस्तीस दिवसांचा, असे स्थलांतरावरून झालेले दोन शटडाउन मी या संग्रहातून क्रमाने पाहिले. नेत्यांवर भरवसा ठेवावा का, हे ठरवायला हे साधन कितपत उपयोगी पडते, तेवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

सी-स्पॅन हे सरकारी खाते नाही. केबल कंपन्यांच्या पाठबळावर १९७९ साली ना-नफा तत्त्वावर ही संस्था उभी राहिली, ब्रायन लॅम्ब हे तिचे संस्थापक, आणि तिचा मुख्य खर्च आजही केबल व उपग्रह वाहिन्या पुरवणाऱ्या कंपन्या दर ग्राहकामागे जे काही सेंट देतात त्यांतून भागतो. १९ मार्च १९७९ रोजी अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, प्रतिनिधिगृहाचे कामकाज प्रथम घरोघरी दिसले. दुसऱ्या सभागृहाने, म्हणजे सिनेटने, कॅमेरा आत घ्यायला आणखी सात वर्षे घेतली आणि २ जून १९८६ पासून सी-स्पॅनच्या दुसऱ्या वाहिनीवर सिनेट दिसू लागली. इंडियाना राज्यातल्या वेस्ट लफायेट गावी, म्हणजे पर्ड्यू विद्यापीठाच्या परिसरात, या संस्थेचा संग्रह आहे. १९८७ पासूनचे चित्रण तिथे जपलेले आहे आणि २०१० साली ते सगळे इंटरनेटवर सर्वांसाठी खुले करण्यात आले. निवेदक मध्ये बोलत नाही, पडद्याखाली सनसनाटी मथळे धावत नाहीत, आणि कोणाचे वाक्य अर्ध्यावर तोडले जात नाही. ज्यांना बातम्यांचा आरडाओरडा सवयीचा झाला आहे, त्यांना पहिली काही मिनिटे हे कंटाळवाणे वाटेल, आणि ते खरोखरच कंटाळवाणे आहे.

वापराची पद्धत सोपी आहे. व्यक्तीचे नाव आणि तारीख टाकून शोध घेतला की त्या दिवसाच्या चित्रफिती समोर येतात. चित्राखाली भाषणाचा लिखित मजकूर दिसतो आणि त्यातल्या ओळीवर टिचकी मारली की चित्रफीत थेट त्या वाक्यापाशी जाते. हवा तेवढाच तुकडा वेगळा काढून दुसऱ्याला पाठवताही येतो. हा मजकूर मुळात कर्णबधिर प्रेक्षकांसाठी केलेल्या तात्काळ उपशीर्षकांवरून घेतलेला असल्यामुळे तो बहुधा सगळा मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत, विरामचिन्हांचे हाल झालेल्या अवस्थेत आणि नावांची मोडतोड करून येतो. त्यामुळे केवळ मजकूर वाचून कोणाच्या तोंडी वाक्य घालू नये. ते कानांनी ऐकून खात्री करावी. अधिकृत मजकूर हवा असेल तर काँग्रेसचे छापील इतिवृत्त आहे, परंतु तिथे सदस्यांना आपले भाषण मागाहून सुधारण्याची आणि वाढवण्याची मुभा असते, म्हणून बोललेला शब्द आणि छापलेला शब्द यांत फरक पडू शकतो. शब्द पारखायचे असतील तेव्हा चित्रफीतच जास्त भरवशाची.

याचा चांगला दाखला ९ जानेवारी २०१८ च्या व्हाइट हाउसमधल्या बैठकीत मिळतो. लहानपणी पालकांबरोबर अमेरिकेत आलेल्या आणि कागदपत्रांविना वाढलेल्या तरुणांना हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण देणारी डाका योजना ओबामा यांनी २०१२ साली आणली होती. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ट्रम्प प्रशासनाने ती बंद करण्याची घोषणा केली आणि काँग्रेसला ५ मार्च २०१८ पर्यंतची मुदत दिली. त्या वेळी सुमारे ६ लाख ९० हजार तरुण या संरक्षणाखाली होते. त्यांचे काय करायचे, यासाठी दोन्ही पक्षांचे खासदार मंत्रिमंडळाच्या दालनात जमले आणि राष्ट्राध्यक्षांनी पत्रकारांना बाहेर न पाठवता जवळजवळ तासभर सगळी चर्चा कॅमेऱ्यासमोर होऊ दिली. डेमोक्रॅट सिनेटर डायन फाइनस्टाइन यांनी विचारले, की आधी फक्त डाकाचे स्वच्छ विधेयक करून बाकीच्या गोष्टी नंतर घेता येतील का. ट्रम्प यांनी त्याला अनुकूल उत्तर दिले, आणि लगेच प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन नेते केव्हिन मॅकार्थी यांनी मध्ये पडून त्यात सीमासुरक्षाही यायला हवी याची आठवण करून दिली. व्हाइट हाउसने प्रसिद्ध केलेल्या लेखी प्रतीत ट्रम्प यांच्या होकाराचे ते वाक्य सुरुवातीला गळलेले होते, हे वृत्तपत्रांनी दाखवून दिले. चित्रफितीत ते जसेच्या तसे आहे. एवढ्या एका सोयीसाठीही या संग्रहाचे मोल मोठे आहे.

परंतु याच बैठकीवरून कॅमेऱ्याची मर्यादाही कळते. त्या दिवशी ती पाहणाऱ्या पुष्कळ जणांना वाटले, की आता तडजोड झालीच. दोनच दिवसांनी, ११ जानेवारीला, डेमोक्रॅट सिनेटर डिक डर्बिन आणि रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम उभयपक्षी तोडगा घेऊन राष्ट्राध्यक्षांकडे गेले तेव्हाची चर्चा बंद दाराआड झाली. तोडगा फेटाळला गेला, आफ्रिकेतल्या देशांविषयी तिथे काय शब्द वापरले गेले यावर गदारोळ उठला, आणि त्याच खोलीत बसलेल्या सिनेटरांनी नंतर परस्परविरोधी साक्षी दिल्या. संग्रहात त्या खोलीतले काही नाही. आहेत ती बाहेर आल्यावरची निवेदने. उघड्या दारी जे मान्य झाल्यासारखे दिसले ते बंद दाराआड टिकले नाही, आणि यातले खरे कोणते मानायचे हे ठरवायला प्रेक्षकाजवळ पुढच्या मतदानाखेरीज काही उरत नाही.

१९ जानेवारी २०१८ च्या रात्रीचे सिनेटमधले चित्रण मात्र प्रत्येकाने एकदा पाहावे, आणि तेही रटाळ भाग न वगळता. सिनेटमध्ये वादविवाद संपवून विधेयक पुढे न्यायला शंभरपैकी साठ मते लागतात, त्यामुळे बहुमत हाती असूनही रिपब्लिकन पक्षाला डेमोक्रॅट पक्षाची मते हवी होती. दुपारी अल्पमतातल्या डेमोक्रॅट पक्षाचे नेते चक शूमर राष्ट्राध्यक्षांबरोबर जेवून आले होते, आणि सीमेवरच्या भिंतीच्या निधीचा विषयही आपण चर्चेला खुला ठेवला होता, असे त्यांनी मागाहून सभागृहात सांगितले. रात्री मतदान पुकारले गेले आणि मध्यरात्र उलटून निधीची मुदत संपली तरी ते खुलेच ठेवले गेले. पडद्यावर दिसते ती दुरून टिपलेली माणसे: ग्रॅहम आणि रिपब्लिकन सिनेटर जेफ फ्लेक एका घोळक्यातून दुसऱ्या घोळक्यात जातात, बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल आणि शूमर मधल्या मार्गिकेत बोलतात, कोणी हात हलवतो, कोणी मान. आवाज नाही. अखेर ५० विरुद्ध ४९ असा कौल येतो आणि सरकार बंद पडते.

आवाज नसण्याचे कारण ठाऊक नसेल तर प्रेक्षक सी-स्पॅनला दोष देईल, म्हणून ते सांगायला हवे. दोन्ही सभागृहांतले कॅमेरे सी-स्पॅनचे नाहीत. ते त्या त्या सभागृहाच्या ताब्यात आहेत, आणि काय दाखवायचे याचे नियम सभागृहानेच, म्हणजे व्यवहारात नेत्यांच्या संमतीनेच, ठरवलेले आहेत. बोलणाऱ्यावर कॅमेरा, मतदानाच्या वेळी दुरून सर्वसाधारण दृश्य, आणि कोणी बोलत नसेल तेव्हा गणसंख्येच्या नावाखाली कारकुनाने सावकाश पुकारलेली नावे व त्यामागे वाहिनीने लावलेले पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत. वाटाघाटी खऱ्या अर्थाने चालतात त्या नेमक्या याच संगीताच्या वेळी, बाजूच्या दालनांत. जानेवारी २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या सभापतीची निवड रखडली होती तेव्हा नवे नियम मंजूर झालेले नसल्यामुळे सी-स्पॅनला स्वतःचे कॅमेरे लावता आले आणि सदस्यांची खलबते, रुसवेफुगवे, एकमेकांच्या अंगावर धावून जाणे असे सगळे देशाने पाहिले. नियम मंजूर होताच ती खिडकी पुन्हा बंद झाली. नेत्यांवर विश्वास ठेवा असे सांगणाऱ्यांनी हा नियम सैल करून दाखवला असता तर विश्वासाचे काम बरेच हलके झाले असते, असे मला वाटते.

आता या परीक्षणाचा जो गाभा, तो शब्द देण्याचा आणि पाळण्याचा. शटडाउनच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे २१ आणि २२ जानेवारीला, मॅकॉनेल सिनेटमध्ये जे बोलले ते लहानसे आहे आणि पुनःपुन्हा ऐकण्यासारखे आहे. त्याचा आशय असा, की ८ फेब्रुवारीपर्यंत तोडगा निघाला नाही तर, सरकार चालू राहिलेले असेल या अटीवर, डाका आणि सीमासुरक्षा यांवरचा कायदा सिनेटमध्ये विचारासाठी घेण्याचा आपला मानस आहे, आणि ती चर्चा सर्व बाजूंना समान संधी देणारी असेल. मेख नीट पाहा. विधेयक मंजूर करून देण्याची हमी त्यात नाही. प्रतिनिधिगृहाचा उल्लेख नाही. राष्ट्राध्यक्ष सही करतील का, याबद्दल अवाक्षर नाही. ‘मानस’ आहे आणि अट आहे. त्यानंतर शूमर उठून सांगतात, की आम्ही सरकार उघडायला मत देऊ, आणि नेत्याने शब्द मोडला तर तो डेमोक्रॅट सिनेटरांचाच नव्हे तर स्वतःच्या पक्षातल्या सिनेटरांचाही विश्वासघात ठरेल. आदल्या दोन दिवसांत याच शूमर यांनी, ट्रम्प यांच्याशी वाटाघाटी म्हणजे जेलीशी वाटाघाटी, असे याच सभागृहात म्हटले होते. राष्ट्राध्यक्षांवर विश्वास नाही पण बहुमताच्या नेत्यावर आहे, असा तो हिशेब होता. ८१ विरुद्ध १८ मतांनी सरकार उघडले. विरोधात गेलेल्या अठरांपैकी सोळा मते डेमोक्रॅट गटातली होती आणि त्यात कमला हॅरिस, बर्नी सँडर्स यांसारखी नावे होती.

या तोडग्याला लागलेला हातभार रिपब्लिकन सिनेटर सुझन कॉलिन्स यांच्या दालनात जमलेल्या दोन्ही पक्षांच्या सिनेटरांचा होता. एका वेळी एकानेच बोलावे म्हणून तिथे हातात धरायची एक काठी फिरत होती आणि ती फेकाफेकीत कपाटावरच्या काचेच्या हत्तीला लागून त्याचा टवका उडाला, हे त्या वेळी बातम्यांतून सगळ्यांना कळले. हत्ती हे रिपब्लिकन पक्षाचे चिन्ह, त्यामुळे त्यावर बरेच विनोद झाले. संग्रहात त्या दालनातले काही नाही. नेत्यांपेक्षा या साध्या सदस्यांच्या बैठका अधिक फलदायी होत्या की कसे, हे त्यामुळे पडताळून पाहता येत नाही.

शब्द दिल्याच्या चित्रफितीनंतर १५ फेब्रुवारी २०१८ ची चित्रफीत लावावी. मॅकॉनेल यांनी चर्चा खरोखरच घेतली, आणि ती कोणत्याही बाजूच्या मसुद्यावर नव्हे तर संबंध नसलेल्या एका विधेयकाच्या कवचात, म्हणजे पाटी कोरी ठेवून, घेतली. चार दुरुस्त्या मतास टाकल्या गेल्या आणि चारही साठच्या आत राहिल्या: कून्स व मॅकेन यांची ५२ विरुद्ध ४७, स्थलांतरितांना आसरा देणाऱ्या शहरांविरुद्धची टूमी यांची ५४ विरुद्ध ४५, कॉलिन्स यांच्या गटाची उभयपक्षी दुरुस्ती पुन्हा ५४ विरुद्ध ४५, आणि राष्ट्राध्यक्षांचा आराखडा असलेली ग्रासली यांची अवघी ३९ विरुद्ध ६०. सगळ्यांत कमी मते राष्ट्राध्यक्षांच्या योजनेला मिळाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. उभयपक्षी दुरुस्तीत सुमारे अठरा लाख तरुणांना नागरिकत्वाची वाट आणि सीमेसाठी पंचवीस अब्ज डॉलर असा सौदा होता, आणि तरीही व्हाइट हाउसने मतदानाआधी नकाराधिकाराची धमकी दिली.

म्हणजे मॅकॉनेल यांनी शब्द पाळला का? त्यांनी जे उच्चारले ते पाळले; ऐकणाऱ्यांनी त्यात जे ऐकले ते कधी दिलेलेच नव्हते. दोन्ही चित्रफिती एकापाठोपाठ पाहिल्यावर माझे मत असे झाले, की पक्षनेत्याचा शब्द कार्यपद्धतीपुरता असेल, म्हणजे अमुक दिवशी अमुक विषय घेईन, तर त्यावर बहुधा भरवसा ठेवता येतो, कारण तो त्याच्या हातात असतो आणि मोडला तर सगळ्यांना दिसतो. निकालाविषयीचा भरवसा मात्र कोणताही नेता देऊ शकत नाही, आणि जाणता नेता तो देतही नाही; तो द्यावा अशी आशा आपण करतो. हा फरक वृत्तपत्रांच्या सारांशात पुसला जातो. ‘मॅकॉनेल यांचे आश्वासन’ एवढेच मथळ्यात उरते. मूळ वाक्य ऐकण्याचा खटाटोप म्हणूनच करावा.

प्रतिनिधिगृहाची बाजू यापेक्षा निराशाजनक आहे. ७ फेब्रुवारीला तिथल्या डेमोक्रॅट नेत्या नॅन्सी पलोसी यांनी तिथे ८ तास ७ मिनिटे सलग उभे राहून तरुणांची पत्रे वाचली आणि सभापती पॉल रायन यांनी मॅकॉनेल यांच्यासारखाच शब्द द्यावा अशी मागणी केली. संग्रहात हे भाषण पूर्ण आहे. कोणीही ते सलग पाहील असे मला वाटत नाही, परंतु मजकुरातून शोधत गेले तर हवी ती पत्रे सापडतात, आणि अशा लांबलचक चित्रफितींसाठी ती शोधाची सोय किती चांगली आहे ते इथेच कळते. रायन यांनी तसा शब्द दिला नाही. राष्ट्राध्यक्ष ज्यावर सही करतील असेच विधेयक आणू, असे ते सांगत राहिले. पुढे नेत्यांना वळसा घालून विधेयक सभागृहात आणण्यासाठी सदस्यांनी सह्यांची मोहीम काढली आणि तीवर २१८ पैकी २१६ सह्या जमल्या. दोन कमी पडल्या. जूनमध्ये रायन यांच्या बाजूने आणलेली दोन विधेयके १९३ विरुद्ध २३१ आणि १२१ विरुद्ध ३०१ अशी पडली. डाकाचे भवितव्य तोवर न्यायालयांच्या हाती गेले होते आणि आजही ते भिजत घोंगडे आहे.

या सगळ्यात आपल्याकडच्या वाचकांना वाटते तितका हा प्रश्न परका नाही. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया या राज्यांत एच-१बी व्हिसावर असलेल्या मराठी कुटुंबांतली मुलेही लहानपणी तिथे गेलेली असतात. ग्रीन कार्डाची रांग भारतीयांसाठी इतकी लांब आहे, की आई-वडिलांचा क्रमांक लागण्याआधी मूल एकवीस वर्षांचे होते आणि त्याचा आश्रित दर्जा संपतो. ही मुले कायदेशीर रीतीने आलेली असल्यामुळे डाकात बसत नाहीत, कारण त्या योजनेची पूर्वअटच कागदपत्रांविना असण्याची आहे. शटडाउनचा त्रासही विचित्र रीतीने वाटला जातो. नागरिकत्व व स्थलांतर सेवा मुख्यतः अर्जदारांच्या शुल्कावर चालते, म्हणून ती सहसा बंद पडत नाही. एच-१बीच्या अर्जाआधी लागणारी श्रम खात्याची मंजुरी मात्र त्या खात्याचा निधी अडला की थांबते. २०१८-१९ च्या दीर्घ शटडाउनमध्ये श्रम खात्याचा निधी आधीच मंजूर असल्यामुळे ती चालू राहिली, पण नोकरीसाठी पात्रता पडताळणारी ई-व्हेरिफाय यंत्रणा बंद झाली आणि स्थलांतर न्यायालयांत कोठडीबाहेरच्या लोकांची सुनावणी पुढे ढकलली गेली. स्थलांतरावरून सरकार बंद पडावे आणि त्यात स्थलांतरितांच्याच तारखा वर्षानुवर्षे लांबाव्यात, हा प्रकार कोणत्याही नेत्याच्या भाषणात नीट मांडलेला मला सापडला नाही.

दुसऱ्या शटडाउनसाठी संग्रहातली सुरुवात ११ डिसेंबर २०१८ च्या चित्रफितीपासून करावी. ओव्हल ऑफिसमध्ये ट्रम्प, उपाध्यक्ष माइक पेन्स, शूमर आणि पलोसी बसले आहेत. पेन्स जवळजवळ पुतळ्यासारखे. पलोसी वारंवार सुचवतात, की ही चर्चा पत्रकारांसमोर नको. ट्रम्प मात्र सांगतात, की सीमासुरक्षेसाठी सरकार बंद करण्याचा आपल्याला अभिमान वाटेल, त्याची जबाबदारी आपण घेऊ आणि दोष तुम्हाला देणार नाही. त्या दिवशी या खडाजंगीला सगळ्यांनी नाके मुरडली. आज ती पाहताना वाटते, की जानेवारीतल्या गोड बैठकीपेक्षा हीच जास्त प्रामाणिक होती, कारण सरकार बंद करीन हा यातला शब्द तरी तंतोतंत पाळला गेला. दोष देणार नाही हा शब्द दहा दिवसांपलीकडे टिकला नाही. २१ डिसेंबरला राष्ट्राध्यक्षांनी हा शटडाउन डेमोक्रॅट पक्षाचा असल्याचे ट्विटरवर जाहीर केले.

मधल्या दिवसांत जे झाले त्यात नेत्यांच्या अधिकाराच्या सीमा दिसतात. १९ डिसेंबरला सिनेटने भिंतीच्या निधीविना हंगामी तरतूद आवाजी मतदानाने मंजूर केली, म्हणजे मॅकॉनेल यांना ती मान्य होती. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी पाठ फिरवली आणि प्रतिनिधिगृहाने भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर घालून वेगळेच विधेयक २१७ विरुद्ध १८५ मतांनी पाठवले. त्यानंतर मॅकॉनेल यांनी, राष्ट्राध्यक्षांना मान्य नसलेले काही मतास टाकणार नाही, अशी भूमिका घेतली. सुमारे आठ लाख कर्मचारी पगाराविना राहिले. २४ जानेवारी २०१९ ला सिनेटने दोन्ही बाजूंची विधेयके घेतली, ५० विरुद्ध ४७ आणि ५२ विरुद्ध ४४ अशी दोन्ही पडली. दुसऱ्या दिवशी हवाई वाहतूक नियंत्रकांच्या तुटवड्यामुळे न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरची उड्डाणे खोळंबली आणि संध्याकाळपर्यंत सरकार उघडण्याची घोषणा झाली. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने नंतर काढलेल्या अंदाजानुसार अर्थव्यवस्थेचे सुमारे अकरा अब्ज डॉलरचे उत्पादन बुडाले आणि त्यातले तीन अब्ज कायमचे गेले.

आणि तोडगा कोणी काढला? नेत्यांनी नव्हे, तर निधीवाटप समित्यांमधून निवडलेल्या सतरा सदस्यांच्या संयुक्त समितीने. त्या समितीची पहिली बैठक ३० जानेवारीला उघडपणे झाली. ती पाहण्यासारखी आहे. रिचर्ड शेल्बी, पॅट्रिक लेही, नीता लोवी, के ग्रेंजर ही वर्षानुवर्षे आकडेमोड करत आलेली मंडळी आहेत आणि त्यांच्या बोलण्यात आवेशापेक्षा तरतुदींचा तपशील अधिक आहे. दोन आठवड्यांत त्यांनी पंचावन्न मैलांच्या कुंपणासाठी १.३७५ अब्ज डॉलरवर सहमती केली. मागितलेल्या रकमेच्या तो चौथा हिस्साही नव्हता. १५ फेब्रुवारीला ट्रम्प यांनी त्यावर सही केली आणि त्याच दिवशी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून उरलेला पैसा दुसरीकडून वळवण्याचा मार्ग धरला. समितीवर टाकलेला विश्वास सार्थ होता, पण समितीच्या हातात जेवढे होते तेवढ्यापुरताच. व्हाइट हाउसच्या गुलाबांच्या बागेतले ते आणीबाणीच्या घोषणेचे भाषणही संग्रहात आहे, आणि समितीच्या बैठकीपाठोपाठ ते पाहिले तर कोणाचा अधिकार कुठे संपतो, ते भाष्यकाराच्या मदतीविना कळते.

या सेवेतली मोठी उणीव माझ्या मते अशी, की शब्द आणि त्याची पूर्तता यांच्यात कोणताही धागा बांधलेला नाही. २२ जानेवारीच्या भाषणापाशी १५ फेब्रुवारीच्या मतदानाचा दुवा नाही. तो प्रेक्षकाने स्वतः शोधायचा. मतदानाचे अधिकृत आकडे पाहायला सिनेटचे वेगळे संकेतस्थळ उघडावे लागते, विधेयकाचा मसुदा तिसरीकडे. इतक्या दशकांचा साठा हाती असलेल्या संस्थेला हे अशक्य नाही. दुसरी अडचण म्हणजे वाहिन्यांचे थेट प्रक्षेपण सलग पाहायला केबलची वर्गणी असल्याचे सिद्ध करावे लागते, त्यामुळे भारतातून पाहणाऱ्याने संग्रहावरच भिस्त ठेवावी. तसेही वॉशिंग्टनमधली मतदाने आपल्याकडे बहुधा मध्यरात्रीनंतर होतात.

साधन जुन्या प्रकरणांपुरते आहे असेही नाही. २०२५ सालचा त्रेचाळीस दिवसांचा शटडाउन आरोग्यविम्याच्या अनुदानावरून झाला होता, स्थलांतरावरून नव्हे. पण तोही सिनेटमधल्या बहुमताचे नेते जॉन थून यांनी, त्या अनुदानावर डिसेंबरमध्ये मतदान घेऊ, असा शब्द नोव्हेंबरमध्ये दिल्यावर मिटला, मतदान ११ डिसेंबरला घेतले गेले आणि ५१ विरुद्ध ४८ असे साठच्या आत पडले. २०१८ च्या चित्रफिती ज्याने आधी पाहिल्या असतील त्याला त्या शब्दातून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे नोव्हेंबरमध्येच सांगता आले असते.

घाईत असलेल्याने हा संग्रह उघडू नये. त्याला वृत्तपत्राचा सारांश पुरेल. ज्याला निधीची पुढची मुदत जवळ येताना एखाद्या नेत्याच्या वाक्याची किंमत स्वतः ठरवायची आहे, त्याने मॅकॉनेल यांचे २२ जानेवारी २०१८ चे छोटे भाषण, त्याच दिवसाचे शूमर यांचे उत्तर आणि १५ फेब्रुवारीची मतदाने एवढे तरी पाहावे. भाषणे ऐकताना कागद-पेन्सिल जवळ ठेवून वाक्यातल्या अटी तेवढ्या लिहून घ्याव्यात आणि मतदानाच्या चित्रफितीतला संगीताचा भाग खुशाल पुढे सरकवावा.